‘लाईन’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत मी इंग्रजीचे वर्ग घेतो. वर्गात येतात त्यापेक्षा जास्त शंका मोबाइलवर येतात आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द म्हणजे ‘लाईन’. विचारणारे नुसते विद्यार्थी नसतात. तासगावकडचे बागायतदार, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, पोरांचा अभ्यास घेणारे आईबाप, एकदा तर मीटर बघायला आलेला वायरमन. तेच ते उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं एका जागी ठेवतोय. एखादी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात आली असेल तर तिथला क्रमांक दिलाय, तिकडे बघा.

१. सर, लाईन म्हणजे नक्की काय? रेघ, ओळ की रांग?

तिन्ही. आपण रेघ ओढतो, ओळ वाचतो आणि रांग लावतो. वहीत पट्टी धरून मारली ती रेघ, धड्यातली वरून तिसरी ती ओळ, स्टँडवर पासाच्या खिडकीपुढं उभी असते ती रांग. इंग्रजीत तिन्हींना लाईन. त्यात भूमितीची रेषा आली, सरकारी कागदावरची जलवाहिनी आणि वीजवाहिनी आली, रेल्वेचा मार्ग आला. म्हणून इंग्रजीतून मराठीत आणताना आधी बघायचं की लाईन कशाची आहे. शाईची, अक्षरांची, माणसांची का तारेची? ते ठरलं की मराठी शब्द आपोआप तोंडात येतो. उलट दिशेनं जाताना एवढं डोकं लावावं लागत नाही, फक्त रांगेपाशी थोडी गडबड आहे, ती प्रश्न ८ मध्ये.

२. हा शब्द मुळात आला कुठून?

जवसातून. गंमत करत नाही.

लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला ‘लिनम’ म्हणत. त्याच्या खोडातून निघणाऱ्या तंतूंचं कापड ते लिनन आणि त्याच तंतूंची दोरी ती ‘लिनिया’. म्हणजे लाईनचा पहिला अर्थ रेघ नव्हता, जवसाची दोरी होता. इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी आला. एकदा फार जुन्या काळी थेट लॅटिनकडून, तेव्हा त्याचा अर्थ दोर असाही होता आणि अक्षरांची ओळ असाही. नंतर नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या फ्रेंचमधून ‘लीन्य’ आला. दोघांचं मूळ एकच, त्यामुळं ते एकमेकांत मिसळून गेले.

दोरीची रेघ कशी झाली हे पुस्तकात वाचून मला नीट कळलं नव्हतं. घराच्या मागं फरशी बसवायला गवंडी आले होते तेव्हा कळलं. दोघांनी दोन टोकं धरली, दोरी गेरूत बुडवलेली. ती जमिनीवर ताणली आणि एकानं मधोमध चिमटीत उचलून सोडून दिली. टण् असा आवाज आला आणि खाली सरळसोट लाल रेघ उमटली. दोरी गुंडाळून खिशात गेली, रेघ तिथंच राहिली. भाषेतही तेवढंच घडलंय. दोरी मागं पडली आणि तिचं नाव रेघेला चिकटलं.

वाळत घालायच्या दोरीला इंग्रजीत क्लोथ्सलाईन आणि गळाच्या दोरीला फिशिंग लाईन म्हणतात, तिथं जुना अर्थ अजून जिवंत आहे.

३. जवस म्हणजे चटणीचं जवस? तेच?

तेच, वेगळं नाही. शास्त्रीय नाव लिनम युसिटॅटिसिमम. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘सर्वांत उपयोगी’, आणि नाव ठेवणाऱ्यानं ते उगाच ठेवलेलं नाही. फरक जातीचा आहे. आपल्याकडं बियांसाठी घेतात ते झाड बुटकं आणि फांद्यांचं असतं. युरोपात धाग्यासाठी घेतात ते उंच, सरळ, फांद्या वरच्या टोकालाच. त्याची खोडं पाण्यात किंवा दवात कुजवून तंतू सोडवतात. ज्यांच्या घरी आजोबा अंबाडी पाण्यात टाकून वाख काढायचे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. इजिप्तच्या ममींना गुंडाळलेलं कापड याच धाग्याचं.

तेव्हा भाकरीवर जवसाची चटणी पडली की समजा, इंग्रजीतलं एक मोठं कुळ ताटात आहे.

४. मग जवसातून आणखी कुठले इंग्रजी शब्द निघाले?

बरेच. लिनन उघडच आहे. लिनसीड म्हणजे जवसाचं बी. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचं ते जुनं आवरण, लिनम अधिक तेल, कारण ते जवसाच्या तेलापासून बनवत. लाँजरी हा बायकांच्या आतल्या कपड्यांचा शब्द फ्रेंचमधून आला, त्याच्याही पोटात लिननच. लिनेट नावाची चिमणीएवढी चिमुकली पक्षीण जवसाचं बी खाते म्हणून तिचं ते नाव. अलाइन, लिनिअर, डिलिनिएट, आणि वंश या अर्थाचा लिनिएज हे सगळे रेघेच्या बाजूनं आलेले. लायनिंगला वेगळा प्रश्न दिलाय, पुढचाच.

एक सापळा सांगून ठेवतो. जवसाचं शास्त्रीय नाव ठेवणाऱ्या लिनीअसचं आडनाव लिनमवरून आलं असं हुशार मुलं हमखास म्हणतात. नाही. ते लिंडन नावाच्या झाडावरून आलंय.

५. ब्लाउजचं लायनिंग आणि रेघेची लाईन, यांचा काही संबंध आहे का?

हा प्रश्न कापड पेठेतून आला, आणि फार आवडला. संबंध आहे, पण चुलतभावाचा. जुन्या काळी कोटाला, झग्याला आतून लिननचं कापड लावत. ‘लिनन लावणं’ हेच क्रियापद ‘टु लाईन’ झालं आणि आतलं कापड झालं लायनिंग. यात रेघ कुठंच नाही, दोरीही नाही, थेट कापड आहे. म्हणून ताई, लायनिंग म्हणजे अस्तर. “ही वुइल लाईन द कोट” याचं भाषांतर ‘तो कोटावर रेघा मारील’ असं करू नका. एका विद्यार्थ्यानं केलं होतं. भिंतींना, डब्यांना, खिशांना आतून जे काही लावलं जातं ते याच क्रियापदाचं. खिसे लाईन करणं म्हणजे वरकमाईनं खिसे भरणं.

याच्याच जोडीला ‘सिल्व्हर लायनिंग’. इंग्रजीत काळ्या ढगाला आतून चांदीचं अस्तर आहे असं चित्र आहे. मराठीत आपण त्याची ‘रुपेरी कडा’ केली. शब्दाला शब्द धरला तर चूक, कारण अस्तर आत असतं आणि कडा बाहेर. पण कृष्णेवर पावसाळी संध्याकाळी आभाळ बघितलं तर दिसते ती कडाच. माझं मत भाषांतर करणाऱ्याच्या बाजूनं.

६. ‘लाईन’ लिहायचं का ‘लाइन’? आणि मराठीत ती ‘ती’ का?

दोन्ही छापलेलं दिसतं. मी ‘लाईन’ लिहितो आणि रूप चाललं की ऱ्हस्व करतो. लाईन, लाइनी, लाइनीत. आपण बहीण, बहिणी, बहिणीला लिहितो तसंच. ‘लायनीत’ हे बोलण्यातलं रूप, गोष्टीतल्या संवादात शोभतं, अर्जात नको.

लिंगाचं म्हणाल तर इंग्रजीत लाईनला लिंग नाही. मराठीत आल्यावर तिला घर द्यायला हवं होतं. रेघ ती, ओळ ती, रांग ती, रेषा ती, तार ती, दोरी ती. एवढ्या सगळ्या बायकांत ती येऊन बसली, तेव्हा तिनं दुसरं काय व्हायचं?

७. ‘लाईन गेली’ इंग्रजीत कसं सांगायचं? ‘लाईन इज गॉन’ चालेल?

चालणार नाही. ऐकणाऱ्याला फोनची तार तुटली असं वाटेल. वीज गेली तर ‘पॉवर’ गेली म्हणायचं, आली तर पॉवर आली. रात्री दोनला थ्री फेज येते म्हणून मळ्यात मोटारीपाशी बसलेला माणूस घरी फोन करून विचारतो, “लाईन आलीया का तिकडं?” त्या लाइनीत तार, वीज, पाळी, झोप सगळं आलं. इंग्रजीत एवढं एका शब्दात बसत नाही.

लाईनमन मात्र अस्सल इंग्रजी आहे, तिकडंही खांबावर चढणाऱ्याला तेच म्हणतात. आमच्या वायरमनला हे ऐकून बरं वाटलं.

फोनच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी जवळजवळ हातात हात घालून चालतात. लाईन बिझी आहे, लाईन कट झाली, लाईनवर थांबा, हे जसंच्या तसं उलटं करता येतं. जाता जाता, १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात सुरू झालेली ती प्रसिद्ध हॉटलाईन म्हणजे लाल टेलिफोन नव्हता. ते अक्षरं छापणारं यंत्र होतं.

८. रांगेत उभं असलं तर ‘लाईन’ म्हणायचं की ‘क्यू’?

समोरचा कुठला आहे त्यावर. अमेरिकेत लाईन, ब्रिटनमध्ये क्यू. आपल्या शाळांत ब्रिटिश वळण असल्यामुळं परीक्षेत क्यू लिहिलेलं बरं. न्यू यॉर्ककडं तर ‘इन लाईन’ऐवजी ‘ऑन लाईन’ उभे राहतात, त्याचा इंटरनेटशी संबंध नाही.

क्यू हा शब्द फ्रेंचमधल्या शेपटीवरून आलाय. मारुतीच्या शेपटासारखी रांग आपण म्हणतो ना, तेच चित्र. अंतर हजारो मैलांचं आणि सुचलं दोघांना शेपूटच.

९. ‘लाईन मारणे’ला इंग्रजीत काय म्हणतात? (विचारणारा कॉलेजचा, नाव सांगत नाही.)

‘हिट अ लाईन’ असं काही नाही, कृपा करून कुठं बोलू नका. ‘लाईन देणे’ तर त्याहून नाही. हे दोन्ही वाक्प्रचार आपल्याकडचे, शब्द इंग्रजी असला तरी. इंग्रजीत जवळचं म्हणाल तर ‘फ्लर्ट’, आणि जरा आगाऊपणा असेल तर ‘हिट ऑन’. त्यांच्याकडं ‘पिकअप लाईन’ आहे खरी, पण तिथली लाईन म्हणजे ओळख काढायला टाकलेलं ठरावीक वाक्य. बोलली जाते, मारली जात नाही.

१०. गणितात लाईन, लाईन सेगमेंट आणि रे वेगळे कसे? मुलगी सातवीत आहे.

लाईन म्हणजे रेषा, दोन्हीकडं न संपणारी. सेगमेंट म्हणजे रेषाखंड, दोन्ही टोकं असलेला. रे म्हणजे किरण, एका टोकापासून निघून पुढं अखंड जाणारा. वहीत आपण काढतो तो नेहमी रेषाखंडच असतो. कागद संपतो ना! म्हणून रेषेला दोन्हीकडं बाण काढतात. युक्लिडनं रेषेला रुंदी नसलेली लांबी म्हटलंय. मुलीला सांगा, शिसपेन्सिल कितीही टोकदार केली तरी ती रेषा काढता येणार नाही, फक्त दाखवता येते.

आणि एक बोनस. ‘स्ट्रेट’ हा शब्द ‘स्ट्रेच’ म्हणजे ताणणे याचंच जुनं रूप आहे. तेव्हा स्ट्रेट लाईन म्हणजे मुळात ‘ताणलेली दोरी’. प्रश्न २ मधले गवंडी आठवा.

११. मराठीत असा दोरीवरून रेघेकडं गेलेला शब्द आहे का?

आहे की. सूत. चरख्यावरचा धागा तो सूत आणि ‘सुतासारखा सरळ केला’ म्हणताना सूत म्हणजे सरळपणा. गवंडी ‘विटा एका सुतात आहेत का बघ’ म्हणतो, तिथं सूत म्हणजे लाईनच. संस्कृतात सूत्र म्हणजे धागा, आणि त्याच सूत्राचं गणितातलं सूत्र झालं. सूत्र धरून मापं घेणारा तो सूत्रधार, त्याचाच झिजून झिजून सुतार झाला.

सूत्रधाराचा दुसरा वंशज नाटकात गेला. सांगलीकरांना हे सांगायला संकोच वाटतो, कारण इथल्या मातीतच ते आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभं केलं, आणि ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतात तो त्यामुळंच. आता गंमत बघा. इंग्रजीत नटाला पाठ करायच्या संवादांना ‘लाईन्स’ म्हणतात. म्हणजे आपल्याकडं दोरी सूत्रधाराच्या हातात आणि त्यांच्याकडं नटाच्या तोंडात. लॅटिननं आणि संस्कृतनं एकमेकांना विचारून केलेलं नाही हे. ताणलेली दोरी ही माणसाच्या हाताशी असलेली सगळ्यात सोपी सरळ गोष्ट, म्हणून दोन्हीकडं तेच झालं.

१२. बागेत ड्रिपची मेन लाईन, सबमेन म्हणतो ते इंग्रजी बरोबर आहे का?

शंभर टक्के. मेन लाईन म्हणजे मुख्य नळी, सबमेन म्हणजे तिचा फाटा, लॅटरल म्हणजे झाडांपाशी जाणारी बारीक नळी, तिन्ही इंग्रजी. द्राक्षबागेतल्या वेलींच्या ओळीला मात्र इंग्रजीत लाईन न म्हणता ‘रो’ म्हणतात. आपण ‘लाईन ते लाईन नऊ फूट’ म्हणतो ते तिकडं रो स्पेसिंग. निर्यातीच्या कागदांत हे चुकलेलं पाहिलंय, म्हणून सांगतो.

पाइपलाइन हा शब्द तेलाच्या आणि पाण्याच्या नळांसाठी, आणि आता ‘काम पाइपलाइनमध्ये आहे’ असं कचेऱ्यांतही ऐकू येतं. त्याचा अर्थ काम नळात अडकलंय असा घेणारेही भेटतात, आणि ते फारसे चुकत नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा पाणी गेलं मिरजेहून, पाइपलाइनमधून नव्हे तर रेल्वे लाइनीवरून. एका वाक्यात दोन लाइनी वापरायला मी वर्गात हेच उदाहरण देतो.

१३. पुराच्या वेळी रेड लाईन, ब्लू लाईन म्हणतात ती आणि बातम्यांत ‘रेड लाईन ओलांडली’ म्हणतात ती एकच का?

नाही. नदीकाठची निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी पोचेल तिथंवर, आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं. नकाशावर काढलेल्या, बांधकामाच्या परवानगीसाठी. सांगलीत घर घेताना लोक आधी हे विचारतात, मग किंमत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी ही वेगळी मोजणी, तिचा या रेषांशी घोळ करू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अजूनही काही भिंतींवर त्या वर्षीची मळकट रेघ दिसते. ती कुणी आखलेली नाही, नदीनंच मारलेली आहे, आणि माझ्या मते या पानावरची सगळ्यात खरी लाईन तीच.

बातम्यांतली ‘रेड लाईन’ म्हणजे एका देशानं दुसऱ्याला दिलेली ताकीद, याच्या पुढं आलात तर बघा. मराठीत त्यासाठी ‘लक्ष्मणरेषा’ एवढा चांगला शब्द असताना लोक लाल रेषा का लिहितात हे मला कळत नाही.

१४. पोलीस लाईन, सिव्हिल लाईन असं का म्हणतात?

इंग्रजांच्या छावण्यांत शिपायांच्या राहायच्या झोपड्या, खोल्या एका ओळीत असत. त्या ओळी म्हणजे लाईन्स. पुढं वस्तीलाच ते नाव पडलं. कोल्हापूरचा लाईन बाजार त्याच गोतावळ्यातला. खुद्द इंग्लंडमध्ये पोलीस लाईन म्हटलं तर लोक पोलिसांनी अडवायला धरलेली साखळी समजतील, वसाहत नाही.

साताऱ्याकडच्या फौजी घरांतून विचारतात ती ‘फ्रंट लाईन’ म्हणजे आघाडी, आणि एलओसीतला एल म्हणजे हीच लाईन. नियंत्रण रेषा हे नाव १९७२ पासूनचं.

१५. ‘मुलगा मेडिकल लाईनला आहे’ हे इंग्रजीत कसं?

‘मेडिकल लाईन’ भारतात सगळ्यांना कळतं, बाहेर ते खटकतं. तिकडं ‘इन मेडिसिन’ किंवा ‘मेडिकल फील्ड’. कामधंद्याबद्दल विचारताना ‘लाईन ऑफ वर्क’ मात्र चालतं. ‘लाईन बदलली’ हे ‘चेंज्ड करिअर’. लग्नाच्या बायोडाटात मेडिकल लाईन खुशाल ठेवा, स्थळ इथलंच आहे.

१६. ऑनलाईन एक शब्द की दोन?

आता एकच. दोन शब्द लिहून मध्ये ‘द’ घातला, ‘ऑन द लाईन’, की अर्थ बदलतो. फोनवर असणं, नाहीतर पणाला लागणं. ‘माय जॉब इज ऑन द लाईन’ म्हणजे नोकरी ऑनलाईन आहे असं नाही, नोकरी धोक्यात आहे. घरून काम करणाऱ्या एकानं ही चूक साहेबांना पाठवलेल्या मेलमध्ये केली. साहेबांनी लगेच फोन केला म्हणे, काळजीनं.

१७. ‘पोरगं लाईनवर आलं’ला ‘टो द लाईन’ म्हणता येईल? आणि स्पेलिंग कुठलं?

थोडं म्हणता येईल. मराठीत लाईनवर येणं म्हणजे सुधारणं, आणि त्यात आनंद आहे. टो द लाईनमध्ये नाखुशी आहे. वरच्यांनी आखून दिलंय म्हणून गुमान वागणं. पक्षाचा आदेश पाळणारे आमदार टो द लाईन करतात, सुधारत नाहीत. स्पेलिंग पायाच्या बोटाचं, कारण चित्र शर्यतीच्या किंवा कवायतीच्या रेघेला बोट टेकवून उभं राहण्याचं आहे. गाडी ओढण्याचा ‘टो’ लिहिणारे इंग्रजही भरपूर आहेत, त्यांना मी नापास केलं असतं.

१८. डेडलाईनमध्ये ‘डेड’ का? कोण मरतं?

पूर्वी खरंच मरत. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ च्या सुमाराला, युद्धकैद्यांच्या तळांवर कुंपणाच्या आतल्या बाजूला एक हद्द आखलेली असे. जॉर्जियातला अँडरसनव्हिलचा तळ त्यासाठी बदनाम झाला. तिथं ती हद्द म्हणजे साधा लाकडी कठडा होता. कैद्यानं तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालत. तीच डेड लाईन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी रुळला. मराठीत ‘अंतिम मुदत’. ३१ मार्चच्या आठवड्यात बँकेतल्या कुणालाही विचारा, त्यांना जुना अर्थच पटतो.

१९. आयलायनर, बिन लायनर आणि जहाजाचा लायनर, तिघांचं मूळ एकच?

आजी एकच, आया वेगळ्या. आयलायनर रेघेतून आला. कचऱ्याच्या डब्यात घालायची पिशवी तो बिन लायनर अस्तरातून आला (प्रश्न ५). जहाजाचा लायनर म्हणजे ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या कंपनीच्या लाइनीवर चालणारं जहाज. आपल्या एअरलाईन्स त्याच्या धाकट्या बहिणी.

२०. मिरजेला आईला सलाईन लावलंय. त्यात लाईन आहे का?

आधी आई लवकर बऱ्या होवोत. सलाईनमध्ये लाईन नाही, नुसती ऐकू येते. लॅटिन ‘साल’ म्हणजे मीठ, त्याला शेपूट लागून सलाईन झालं, म्हणजे खारं. साधं नॉर्मल सलाईन म्हणजे एका लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. व्हॅसलिन, गॅसोलिन, कॅरोलाईन, डिसिप्लिन यांतली लाईनही अशीच कानाला फसवणारी आहे.

पण खाटेपाशी बसलाच आहात तर जरा लक्ष द्या. सिस्टर येऊन हात बघतील आणि म्हणतील, “ही लाईन सुजलीय, दुसऱ्या हाताला नवी लाईन घेऊ या.” शिरेत घातलेली सुई आणि तिची नळी, तिला त्या लाईन म्हणतात, आणि ती अस्सल आपली लाईन आहे, जवसाच्या घराण्यातली. म्हणजे स्टँडला टांगलेल्या बाटलीत लाईन नाही आणि खाली लोंबणाऱ्या नळीत आहे.